पडलेला मनोरा आणि नवे कॅथीड्रल



डिसेंबर उजाडला की खानापूर-नंदगड भागातील भाविक अनमोडचा घाट उतरून संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्यास जातात. तेथील से कॅथीड्रलसमोर उभे राहिले की एक उणीव डोळ्यांत भरते. दर्शनी बाजूस मनोरा एकच आहे. त्याचा जोडीदार १७७६ साली कोसळला, तो पुन्हा उभारलाच गेला नाही. रोगराईने ते शहर तोवर ओस पडत चालले होते. मनोरा बांधायचा तरी कोणासाठी?

जेथे माणसे मागे राहतात, तेथे मात्र हा प्रश्न असा सुटत नाही. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा येथे २३ डिसेंबर १९७२ रोजी, नाताळ दोन दिवसांवर असताना, मध्यरात्रीनंतर भूकंप झाला. हजारो माणसे दगावली, शहराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. तेथील संत याकोबाच्या कॅथीड्रलचा लोखंडी सांगाडा बेल्जियमहून आणलेला होता. १९३१ च्या भूकंपात, बांधकाम अपुरे असतानाच, तो टिकला होता. याही वेळी टिकला. पण भिंती अशा तडकल्या की आत मिस्सा करणे धोक्याचे ठरले.

पुढे क्रांती झाली, यादवी झाली. वीस वर्षे राजधानीला वापरात असे कॅथीड्रल नव्हते. अखेर नवे बांधले ते जुन्या जागी नव्हे, दक्षिणेकडे. सप्टेंबर १९९३ मध्ये ते खुले झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे किल्लारीची जमीन हादरली. खर्चाचा मोठा वाटा टॉम मोनॅहन या, पिझ्झाच्या धंद्यात धनाढ्य झालेल्या अमेरिकन गृहस्थाने उचलला. भुकेल्या शहरात मंदिरावर एवढा पैसा कशाला, असे तेव्हा विचारले गेले, आणि तो प्रश्न मुळीच गैर नव्हता. परंतु वीस वर्षे वाट पाहिलेल्या भाविकांना आणखी थांबा असे सांगणेही सोपे नव्हते.

मेक्सिकोचे वास्तुशिल्पी रिकार्डो लेगोरेता यांनी ते रचले. उघडेबोडके काँक्रीट आणि छतावर, पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे, ६३ घुमट! पाहणाऱ्याला ते प्रथम चर्च वाटतच नाही. आत गेल्यावर मात्र त्या घुमटांतून उतरणारा उजेड काँक्रीटचा रुक्षपणा पुष्कळसा घालवतो.

जुने कॅथीड्रल पाडलेले नाही. ओस पडलेल्या त्या जुन्या चौकात, तडकलेल्या भिंतींसह, दोन्ही मनोरे सावरून ते अद्याप उभे आहे.