पलंगावरचा हात



2009 च्या आसपासची गोष्ट. मंठा तालुक्यातलं आमचं गाव, आणि भारनियमनाचे दिवस. स्टार प्रवाहवर ‘राजा शिवछत्रपती’ चालू होती, नितीन देसाईंची. महाराजांच्या भूमिकेत अमोल कोल्हे. आग्र्याहून सुटकेचा भाग रंगात आला होता. मिठाईचा पेटारा पहाऱ्यापाशी टेकला, पहारेकऱ्यानं झाकणाकडे हात नेला आणि लाइट गेली.

अंधारात आजी म्हणाली, “धरलं तर नसंल ना रे?”

ही गोष्ट आम्हाला आजीनंच सांगितलेली. शेवट तिला तोंडपाठ. तरीही तिचा जीव पेटाऱ्यात अडकला होता. शेवट ठाऊक असताना जीव टांगणीला लावायचा कसा, ही पळून जाण्याच्या भागातली खरी कारागिरी. आज तेवढ्याचबद्दल बोलू.

12 मे 1666 रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले. तिथे अपमान झाला, पुढे नजरकैद. फौलादखान कोतवालाचा पहारा बसला. 17 ऑगस्टला महाराज निसटले. म्हणजे तीन महिने. मालिकेवाल्यांची इथेच पंचाईत होते, कारण कैदेत दिवसामागून दिवस काहीच घडत नाही. पण जाणता दिग्दर्शक हेच ‘काही न घडणं’ कामाला लावतो. पेटारे बाहेर जाऊ लागतात. पहिल्या दिवशी पहारेकरी प्रत्येक पेटारा उघडतो, मिठाई उपसून बघतो. दुसऱ्या वेळी नुसतं झाकण उचलतो. नंतर बसल्या जागेवरून हात हलवतो, “जाऊ द्या.” हे तीन प्रसंग मोजून बघा. दर वेळी लांबी कमी झाली पाहिजे. पहारेकऱ्याला सवय लागते, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. मग ज्या दिवशी पेटाऱ्यात माणूस असतो, त्या दिवशी तोच पहारेकरी उगाच उठून उभा राहतो. एवढं पुरतं. तलवार उपसायची गरज नाही.

महाराज खरोखर पेटाऱ्यातूनच गेले की वेष पालटून चालत गेले, यावर इतिहासकारांत वाद आहे. पडदा मात्र पेटारा सोडत नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. वेष पालटलेला माणूस दारातून निघून जातो, संपलं. पेटाऱ्याला झाकण असतं, भोयांच्या खांद्यावर वजन असतं, ते वजन कालच्यापेक्षा जास्त भरतं आणि ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नसतं. नटाला करायला काहीतरी मिळतं.

त्या रात्री लाइट लवकर आली नाही. उरलेली गोष्ट आजीनं अंधारात सांगितली. ती पेटाऱ्यांमागे गेलीच नाही. ती खोलीतच थांबली, हिरोजी फर्जंदापाशी. पलंगावर महाराजांच्या जागी शाल पांघरून हिरोजी पडलेला, महाराजांचं कडं घातलेला हात तेवढा बाहेर. “हात थरथरला तर?” आजी म्हणाली. आम्ही पोरं श्वास धरून बसलो.

मला वाटतं, आजी त्या मालिकेपेक्षा सरस होती. जो निसटला त्याचं काय झालं हे आपल्याला माहीत असतं. जो मागे राहिला, त्याच्याबद्दल नाही. म्हणून असा भाग बघताना कॅमेरा कुणाबरोबर जातो ते पाहा. तो पळणाऱ्याबरोबर निघून गेला, की भीती निम्मी होते. अधूनमधून त्या हाताकडे परत आला, की रस्त्यावरचं प्रत्येक पाऊल जड होतं.

आणि घोडी! आपल्याकडे पाठलाग म्हटलं की दहा मिनिटं टापा, धूळ आणि ढोल. घोडी दौडवली म्हणजे पाठलाग झाला असं नव्हे. त्या वाटेवर मथुरेला नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मागे ठेवावं लागलं. मुलाला परक्या घरी सोडून बाप निघतो, या एका प्रसंगात सगळा पाठलाग येतो. 2017 मध्ये ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आली, तेव्हा कोल्हे संभाजीराजे झाले; 2022 च्या ‘शिवप्रताप गरुडझेप’ चित्रपटात पुन्हा महाराज. तेव्हा बापाच्या बाजूनं पाहिलेली गोष्ट लेकाच्या बाजूनं कशी दिसते, हे ताडून पाहायला हरकत नाही.

एक युक्ती सांगतो, रेडिओवरून सांगायला शोभेल अशी. असा भाग एकदा टीव्हीकडे पाठ करून ऐका. संकट आलं हे फक्त पार्श्वसंगीतातून कळत असेल, तर लेखक कमी पडला. कडी वाजली, कुणीतरी खोकलं, बोलणं मधेच थांबलं, एवढ्यावर अंगावर काटा आला तर भाग जमला.

निसटण्याच्या गोष्टींना आपला जालना जिल्हा काही परका नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास बोहल्यावरून ‘सावधान’ ऐकून निघून गेले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आणि नोव्हेंबर 1679 मध्ये खुद्द महाराजांनी जालना चार दिवस लुटलं. परतीच्या वाटेवर मोगल सरदार रणमस्तखानानं गाठलं, लढाईत सिधोजी निंबाळकर पडले, आणि महाराजांचा हेर बहिर्जी नाईक यानं आडवाटांनी फौज पट्टा किल्ल्यावर नेली. या पाठलागाची सुरुवात आपल्या जालन्यातली. कुणी हा भाग करायला घेतला, तर माझी एकच विनंती आहे: ढोल घरी ठेवा, आणि अंधारात वाट चाचपणारा बहिर्जी दाखवा.