सही कुणाची?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घोडबंदर रोडवर माजिवड्यापासून गायमुखापर्यंत इमारतींची रांग उभी राहिली आहे. त्या इमारतींत पाइप टाकणारी, तारा ओढणारी कितीतरी मुले आपल्यासारख्याच घरांतली आहेत. दहावी झाली की मुलगा ओळखीच्या चाचांच्या हाताखाली जातो, वर्षभरात बोर्ड भरायला शिकतो, घरी चार पैसे आणतो. ही कष्टाची कमाई आहे. तिला मी कमी लेखत नाही. पण माझा एक माजी विद्यार्थी परवा म्हणाला, "सर, काम सगळं मी करतो, कागदावर सही मात्र दुसऱ्याची लागते." आज मला याच सहीविषयी बोलावयाचे आहे.

वायरिंग जमणे वेगळे आणि वीज समजणे वेगळे. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो. तो ६ अँपिअरच्या प्लगला जोडला तर प्लग आणि तार तापणारच. गळती ओळखून वीज तोडणारे यंत्र घरात ३० मिलिअँपिअरला तुटेल असे का बसवितात? दहा वॉटचा दिवा घेतो त्याहूनही हा प्रवाह कमी. परंतु याच्या वर माणसाच्या जिवाला धोका असतो. हे ज्याला ठाऊक नाही तो पावसाळ्यात ओल्या भिंतीवर काम करताना स्वतःचा जीव टांगणीला लावतो आणि घरमालकाचाही.

आपला परिसर या विद्येला नवा नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी मुंबईहून कुर्ल्यापर्यंत धावली. पुढे अशा गाड्यांना वीज पुरविण्यासाठी ठाकुर्लीला चोळे पॉवर हाऊस उभे राहिले. ते आता बंद आहे. पण घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब आले आहेत. तीही विजेवरचीच गाडी.

मार्ग सरळ आहे. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आयटीआयमध्ये, वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. ठाण्यात वागळे इस्टेटला अशी शासकीय संस्था आहे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते आणि विद्यावेतन मिळते. दुसरा मार्ग तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेचा. भायखळ्याचे साबू सिद्दीक तंत्रनिकेतन, १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामचे, आपल्या लोकलच्या मार्गावरच आहे. आयटीआय झालेल्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आणि पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. म्हणजे ज्याला आपण "अभ्यासात कच्चा" म्हणून आयटीआयला धाडतो, त्याचीही इंजिनिअरिंगची वाट बंद होत नाही. मुलींनाही हे दार उघडे आहे.

पालकांची अडचण मी जाणतो. मुलगा आज कमावू शकतो आणि घरभाडे आजच द्यायचे असते. म्हणून माझी विनंती मोठी नाही. सुट्टीत त्याला चाचांकडे कामाला जरूर पाठवा, हात तयार होईल. परंतु जुलै-ऑगस्टमध्ये त्याला कामावर अडकवू नका, वर्गात बसवा. आणि विद्यार्थी मित्रांनो, गणित आणि विज्ञान हे दोन विषय आतापासून धरून ठेवा. तार ओढणारा हात तुमचा आहे. कागदावरची सहीही तुमची व्हावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो.