खेळून मिळालेलं टोकन घेणार कोण?

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईनं विचारलं, "पोरगा म्हणतो मोबाईलवर गेम खेळून पैसे मिळतात. सुरुवातीला थोडे घालावे लागतात. गटातून कर्ज मिळेल का?" आम्ही एकदम नाही म्हटलं नाही. आधी माहिती काढली, ती आज सांगतो.

2020 साली कोरोनात फिलिपिन्स देशात कामधंदे बंद पडले, तेव्हा 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' हा व्हिएतनामी कंपनीचा गेम तिथं पसरला. अ‍ॅक्सी नावाचे तीन प्राणी विकत घ्यायचे, त्यांची झुंज लावायची, जिंकलं की 'एसएलपी' हे टोकन मिळायचं. ते विकून पैसे. कबानातुआन शहरात तर म्हातारी माणसंही खेळायला लागली. प्राणी घ्यायची ऐपत नसेल तर दुसरा कुणी आपले प्राणी खेळायला द्यायचा आणि कमाईत वाटा घ्यायचा. आपल्याकडच्या बटईसारखंच, फक्त जमीन मोबाईलमधली!

आता भावाचं बघा. हे टोकन खर्च व्हायचं ते मुख्यतः प्राण्यांची पिल्लं काढायला. आणि पिल्लू घेणार कोण? नवा खेळाडू. रोज नवी माणसं येत होती तोवर टोकनला मागणी होती. जुलै 2021 मध्ये एका टोकनचा भाव अमेरिकेच्या 30 सेंटच्या वर गेला. पण खेळणारे काय करत होते? मिळालं की विकत होते. घरात तांदूळ आणायचा, विजेचं बिल भरायचं, साठवणार कशातून? त्यांना दोष देता येत नाही. मग नवी माणसं कमी झाली, पिल्लांना गिऱ्हाईक राहिलं नाही, टोकन मात्र रोज तयार होतच होतं. टोमॅटोची आवक वाढल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. 2022 च्या सुरुवातीला भाव एका सेंटच्या आसपास आला. फेब्रुवारीत कंपनीनं टोकन मिळायच्या काही वाटा बंद केल्या. भाव थोडा सावरला, पण टिकला नाही. त्यात मार्चमध्ये चोरांनी या गेमच्या व्यवस्थेतून 60 कोटी डॉलरहून जास्त रक्कम पळवली.

ताईंचा अर्ज अजून आमच्याकडेच आहे. पोराला आम्ही एकच प्रश्न कागदावर लिहून दिलाय: तुझं टोकन शेवटी विकत कोण घेणार, आणि कशासाठी? मंगळवारी बैठक आहे. त्याला उत्तर घेऊन बोलावलंय.