वृद्धांच्या सोयीसाठी राहत्या घरात बदल

हिंगोली जिल्ह्यातील अनेक घरांत दिवेलागणीनंतर पाणी पिण्याचे टाळणारी एखादी वृद्ध स्त्री आढळते. तिला तहान नसते असे नाही. पाणी प्यायले की रात्री उठावे लागते. उठले की उंबरठा ओलांडायचा, ओट्याच्या पायऱ्या उतरायच्या, अंगणाच्या कोपऱ्यातील शौचालय अंधारात गाठायचे आणि तेथे उकिडवे बसून पुन्हा उठायचे. त्यापेक्षा तहान मारलेली बरी, असा तिचा हिशेब असतो. घरच्यांना बहुधा त्याची वार्ताही नसते.

1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, 2011 च्या जनगणनेनुसार, सुमारे 85 टक्के लोक खेड्यांत राहतात. त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठी ओलांडलेल्यांची संख्या एक कोटी अकरा लाखांच्या घरात होती. वृद्धांच्या निवासाचा विषय निघाला की मोठ्या शहरांतील उंच इमारती आणि लिफ्ट यांचीच चर्चा होते. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव या भागांत मात्र प्रश्न उंच जोत्याच्या घराचा आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, ओल धरते. म्हणून जोते उंच घेण्याची रीत पडली आणि ती शहाणपणाचीच होती. ज्यांनी उमेदीच्या काळात ते जोते हौसेने उभारले, त्यांनाच आता ते अडवते. हळदीच्या आणि कापसाच्या शेतात खुरपणी करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या गुडघ्यांना आठ इंचांची पायरीही जड जाते.

पायरीऐवजी उतार करावा, हा सल्ला ऐकण्यास सोपा आहे. परंतु चाकाच्या खुर्चीसाठी योग्य उताराचे प्रमाण एकास बारा असे आहे. म्हणजे दोन फुटांच्या जोत्यास 24 फूट लांबीचा उतार लागतो. एवढे अंगण सर्वांपाशी नसते. अपुऱ्या जागेत बांधलेला खडा उतार पायरीहून घातक ठरतो. मोटारसायकल ओट्यावर चढविण्यासाठी केलेले उतार बहुधा याच जातीचे असतात. जागा नसेल तेथे आठ इंचांच्या तीन पायऱ्यांऐवजी सहा इंचांच्या चार पायऱ्या कराव्यात, प्रत्येकीवर पाऊल पुरते मावावे आणि दोन्ही बाजूंस सुमारे तीन फूट उंचीचा, मुठीत सहज येणारा नळीचा कठडा बसवावा. पायरीच्या कडेला रंगाचा ठळक पट्टा ओढला, तर मंद दृष्टीलाही कड कळते.

उंबरठ्याचे प्रकरण नाजूक आहे. ज्यावर वर्षानुवर्षे हळदकुंकू वाहिले, तो उंबरठा उखडण्याचा निर्णय मुलाने आणि गवंड्याने परस्पर घेऊ नये. दोन्ही अंगांनी लाकडाचा वा सिमेंटचा लहानसा चढ दिला की उंबरठा राहतो आणि ठेचही टळते.

खरी निकड आहे ती शौचालयाची. 2014 पासून स्वच्छ भारत अभियानामुळे गावोगावी शौचालये झाली. हे मोठेच काम. मात्र त्यांतील बहुतेक भांडी बसकी आहेत. ती फोडण्याची गरज नाही. भांड्यावर ठेवण्याची मध्ये मोकळी असलेली मजबूत खुर्ची मिळते. तिची बैठक जमिनीपासून सुमारे दीड फूट उंच असावी. बाजूच्या भिंतीत आधाराची दांडी हवी. ही दांडी नुसत्या फरशीत अडकवून भागत नाही. भार पडताच ती फरशीसह निघून येते. पक्क्या विटांत खोल खिळवावी आणि भिंत मातीची असल्यास जमिनीत रोवलेला खांब घ्यावा. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळेच आत उघडणारे दार अडते. न्हाणीत गुळगुळीत फरशीपेक्षा खडबडीत शहाबादीच बरी.

चाकाच्या खुर्चीसाठी दार तीन फूट मोकळे हवे. परंतु दगडमातीच्या भिंतीत दार वाढविणे हे पहारीने उरकण्याचे काम नव्हे. 10 जुलै 2024 रोजी या परिसराला 4.5 तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला होता. छपराचा भार वाहणारी भिंत जाणकार अभियंत्याला दाखविल्याविना कापू नये.

तालुक्याच्या गावी आणखी एक प्रकार दिसतो. तळमजला दुकानास भाड्याने दिला जातो, कुटुंब वर राहते आणि अरुंद जिना न उतरवल्यामुळे आजोबा महिनोन्‌महिने रस्त्यावर येत नाहीत. तळमजल्याची मागची एक खोली राखून ठेवल्यास भाडे थोडे घटेल. पण त्या खोलीइतकी उपयोगी दुसरी दुरुस्ती नाही.

साहाय्यक साधनांसाठी राज्य शासनाने 2024 मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात वयाची 65 वर्षे पूर्ण केलेल्या, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ज्येष्ठांना एकवेळ 3,000 रुपये बँक खात्यावर देण्याची तरतूद करण्यात आली. कमोड खुर्ची, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र ही साधने त्यात मोडतात. बांधकामाचा खर्च मात्र घरानेच सोसायचा असतो. सारे एकदम झाले नाही तरी चालते. प्रथम बिछान्याजवळ दिव्याचे बटण, मग शौचालयातील दांडी, मग पायऱ्या हा क्रम धरावा. आणि गवंडी बोलावण्यापूर्वी वृद्धांना एकदा बिछान्यापासून शौचालयापर्यंत सावकाश चालावयास सांगून, त्यांचा हात कोठे कोठे आधार शोधतो, तेथे खडूने खूण करावी.