दुखण्याची गोळी शरीरात काय करते

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि अ‍ॅस्पिरिन ही सगळी एकाच कुळातली औषधे. दुखणे, सूज आणि ताप या तिन्हींवर ती चालतात. पॅरासिटामॉल मात्र या कुळात बसत नाही. ते ताप उतरवते, दुखणे कमी करते, पण सुजेवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.

शरीरात कुठे मार लागला, सांधा झिजला किंवा स्नायूवर ताण आला, की तिथल्या पेशींच्या पटलातून अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सुटते. सायक्लोऑक्सिजनेज, थोडक्यात कॉक्स, नावाचे विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन तयार करते. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, भाग सुजतो आणि मज्जातंतूंची टोके इतकी हळवी होतात की साधा स्पर्शही झोंबतो. ही औषधे कॉक्सलाच अडवतात. दुखण्याचे मूळ तिथेच राहते, त्याची जाणीव तेवढी बोथट होते. अ‍ॅस्पिरिन 1899 पासून बाजारात होते, पण ते असे काम करते हे जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवले. त्यांना 1982 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवत नाही, राखणही करते. जठराच्या अस्तरावरचा चिकट थर त्याच्यामुळे टिकतो. तो पातळ झाला की आम्ल अस्तराला खाते, व्रण होतो, कधी रक्तस्राव होतो. सुई घेतली तर पोट वाचते, हा समज चुकीचा आहे. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतेच. दुखऱ्या जागी चोळण्याच्या मलमातून मात्र फार थोडे औषध रक्तात जाते. गुडघ्यासारख्या एका सांध्यासाठी ते अधिक सुरक्षित.

मूत्रपिंडाचे प्रकरण आणखी गंभीर आहे आणि पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीत त्याकडे खास लक्ष द्यायला हवे. शरीरातले पाणी कमी झाले, की मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते. आवणीच्या दिवसांत दिवसभर वाकून चिखलात काम होते, घाम जातो, पाणी पिणे राहून जाते. चिकूच्या वाडीत उन्हाळ्यातही तेच. संध्याकाळी कंबर धरली म्हणून उपाशीपोटी, तहानलेल्या अंगात गोळी घेतली, तर नेमका त्या वेळचा आधार काढून घेतला जातो. रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर धोका वाढतो. डायक्लोफेनॅक गिधाडांच्या मूत्रपिंडांना किती घातक ठरले, हे देशाने पाहिले आहे. औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन ती मेली आणि 2006 मध्ये जनावरांसाठीचे हे औषध बनवणे भारतात थांबवले गेले.

या भागातल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. त्यात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा येतात. अशा रुग्णाला वेदनाशामक नाकारणे हा अन्याय ठरेल. पण हा आजार मूत्रपिंडालाही इजा करतो. म्हणून भरपूर पाणी, आधी पॅरासिटामॉल आणि गरज पडली तर आयब्युप्रोफेनसारखे औषध थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हाच क्रम योग्य.

पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो. डेंग्यूत रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात. अ‍ॅस्पिरिन उरलेल्यांचेही काम बंद पाडते आणि तो परिणाम रक्तबिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, टिकतो. निदान होईपर्यंत तापाला पॅरासिटामॉलच द्यावे. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर या कुळातली औषधे आपण होऊन घेऊ नयेत. गर्भजल कमी होते आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यावर भारतात 2011 पासून बंदी आहे.

पोटाला सांभाळणारी, कॉक्सचा फक्त कॉक्स-2 हा प्रकार अडवणारी औषधेही निघाली. त्यांतले रोफेकॉक्सिब हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यावर 2004 मध्ये मागे घेतले गेले. पूर्णपणे निर्धोक असे औषध या कुळात नाही.

मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेताना नाव विचारून घ्यावे. वेगवेगळ्या रंगांच्या दोन गोळ्यांत एकच औषध असू शकते आणि या कुळातली दोन औषधे एकत्र घेतल्याने आराम वाढत नाही, त्रास वाढतो. कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत. शौचास काळी डांबरासारखी झाली, लघवी कमी झाली, पाय किंवा चेहरा सुजला, धाप लागली, तर गोळी लगेच थांबवावी आणि डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, नाहीतर तलासरीचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. जाताना गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.