फिल्मचा आकार कसा निवडावा?



मोठ्या आकाराच्या छायाचित्रणाकडे वळणारा अभ्यासक बहुधा प्रथम कॅमेऱ्याची चौकशी करतो. परंतु शेवटी हाती यावयाची प्रत केवढी असावी आणि ती कोणत्या रीतीने काढावयाची, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. फिल्मचा आकार त्यावरून ठरतो.

सुट्या फिल्मचे तीन आकार विशेष रूढ आहेत : ४ × ५, ५ × ७ आणि ८ × १० इंच. त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे २०, ३५ आणि ८० चौरस इंच होतात. शेवटचा आकार पहिल्याच्या दुप्पट भासला, तरी तो वस्तुतः चौपट आहे.

अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याने १९३० साली ढोबळ्या मिरचीचे आपले प्रसिद्ध चित्र ८ × १० च्या कॅमेऱ्याने घेतले. निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून तो तेवढ्याच आकाराची प्रत काढीत असे. या पद्धतीत एनलार्जर लागत नाही आणि छायाप्रकाशाच्या सूक्ष्म छटा जशाच्या तशा उतरतात. ज्याला हेच साधावयाचे आहे, त्याने ८ × १० चा भार अवश्य उचलावा. ४ × ५ ची अशी प्रत तळहाताएवढीच होईल.

मात्र या भाराचे मोल ओळखले पाहिजे. ४ × ५ वर सर्वसाधारण भिंग १५० मिलिमीटरचे, तर ८ × १० वर ३०० मिलिमीटरचे असते. दृश्यातील जवळचे आणि दूरचे सारखेच रेखीव हवे असेल, तर पहिल्यावर एफ/२२ चे छिद्र जेथे पुरते, तेथे दुसऱ्यावर एफ/४५ लागते. साहजिकच प्रकाश देण्याचा काळ चौपट होतो आणि तेवढ्यात वाऱ्याने पान हलले, तर रेखीवपणा हरवतो.

अॅन्सेल अॅडम्सने १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे चंद्रोदयाचे चित्र ८ × १० वरच घेतले. दुसऱ्या फिल्मची तयारी होण्यापूर्वीच क्रूसांवरचा सूर्यप्रकाश मावळला. मोठा कॅमेरा दुसरी संधी क्वचितच देतो.

ज्याला १६ × २० इंचांची प्रत हवी आहे, त्याला ४ × ५ ची निगेटिव्ह प्रत्येक बाजूने चारपटच वाढवावी लागते. आजची सूक्ष्मकणी फिल्म तेवढे सहज सोसते. ५ × ७ चा आकार मोठा देखणा. परंतु त्यात मिळणाऱ्या फिल्मचे प्रकार कमी आणि तो पेलणारा एनलार्जरही विरळा.

म्हणून नवशिक्याने ४ × ५ पासून आरंभ करावा, असे मी सुचवीन. ८ × १० च्या एका फिल्मएवढ्या क्षेत्रफळात त्याला चार चित्रे घेता येतात. हात आणि डोळा तयार होण्यास पहिल्या वर्षी त्या चार संधींचाच अधिक उपयोग होतो.