लेकरांचे मन आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विसरवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम. मानसशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तरीही बालकांच्या भावनिक आरोग्याचा विषय मी आग्रहाने मागून घेतला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडलेली आहे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या मातोश्रींचे निधन झाले. माझा मुलगा तेव्हा चौथीत होता. तो रोज आजीच्या कुशीत झोपत असे. त्यानंतर दररोज शाळेच्या वेळी त्याचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना काही दोष आढळला नाही. मी त्यास नाटक ठरविले आणि एके दिवशी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर त्याला नको तसे बोललो. दुसऱ्या दिवसापासून तक्रार थांबली. मला वाटले, मात्रा लागू पडली. अनेक वर्षांनी तोच मुलगा म्हणाला, ‘‘पप्पा, पोट दुखायचे थांबले नव्हते; मी सांगायचे थांबलो होतो.’’

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो. लहान मुलाला आपले दुःख शब्दांत मांडता येतेच असे नाही. ते शरीरातून व वागण्यातून प्रकट होते. पोटदुखी, अंथरूण ओले होणे, चिडचिड, अबोला ही त्याची भाषा असू शकते. ही भाषा जाणूनच क्रीडोपचार ही पद्धती विकसित झाली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांचा या विषयावरील ग्रंथ १९४७ साली प्रसिद्ध झाला. यात मुलापुढे बाहुल्या, वाळू, रंग ठेवले जातात. काय खेळावे हे मूल ठरविते. उपचारक आज्ञा करीत नाही, दोषही देत नाही. मनात दडलेली भीती खेळातून हळूहळू बाहेर येते. थोड्या मोठ्या मुलांना, ‘नापास झालो म्हणजे मी निरुपयोगी’ यांसारखा विचार खरा आहे का, हे तपासण्यास आणि भीतीला लहान लहान पायऱ्यांनी सामोरे जाण्यास शिकविले जाते. कुटुंब समुपदेशनात तर आई-वडिलांनाही सोबत बसवितात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या संस्थेने मानसिक आरोग्याचा विषय मराठी घरांपर्यंत नेला.

आपल्या समाजापुढेही एक उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. श्री. शांतिलालजी मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. पुढे वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र नावारूपास आले. ज्या लेकराने घर कोसळताना पाहिले, त्याला अन्न-वस्त्राइतकीच निश्चित दिनक्रमाची, रोज भेटणाऱ्या मायेच्या माणसांची आणि समदुःखी सवंगड्यांची गरज असते. ठरल्या वेळी वाजणारी शाळेची घंटासुद्धा त्याला धीर देते.

आपल्या नवापूर तालुक्यातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. मुले आश्रमशाळेत किंवा आजी-आजोबांजवळ राहतात. त्यांपैकी एखाद्याचा अबोला आपण ‘गुणी मूल’ म्हणून कौतुकाने पाहत तर नाही ना?

आपण वह्या आणि गणवेश वाटतो. ते अवश्य वाटावेत. त्यासोबत महिन्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक बोलवावा, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. त्या खर्चाचा पहिला वाटा माझा राहील. मात्र आपण स्वतः उपचारक होऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, शाळा बिघडली, तर डॉक्टरांकडे जावे. मुलाने जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा केली, तर एक दिवसही थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू झाली आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून ती रात्रंदिवस उपलब्ध असते.

बंधूंनो, संवत्सरीला आपण लहानथोरांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. आपल्या लेकराजवळ बसून, नेमकी चूक सांगून, ते कधी म्हटले आहे का? मी म्हटले, पण फार उशिरा. आपण उशीर करू नये, एवढीच प्रार्थना.